धडधड मास्तर

सरांना घाबरलेली माणसं फार आवडायची. कुणाला मुद्दाम घाबरवायची हौस त्यांना नव्हती; पण कुणी घाबरलेलं दिसलं की त्यांचा चेहराच उजळायचा. पुढं व्हायचे, त्या माणसाचं मनगट धरायचे, घड्याळाकडं बघत ओठ हलवायचे आणि समाधानानं म्हणायचे, "एकशे दहा. झकास!"

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या मेडिकल कॉलेजात ते औषधशास्त्र शिकवायचे. मी दुसऱ्या वर्षाला असताना एकदा भर वर्गात कोयनेच्या भूकंपाचा धक्का जाणवला. पंखे झुलले, तावदानं खडखडली आणि शंभर पोरं बाकांवरून उड्या टाकत दाराकडं धावली. दारात सर उभे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात धरायची त्यांची खटपट चाललेली. "पळा, पळा, पण मनगट द्या जरा!" असं ओरडत होते. धक्का दोन-चार सेकंदांतच थांबला. आम्ही मैदानात धापा टाकत उभे, आणि सर आमच्यामध्ये येऊन म्हणाले,

"आत्ता तुमच्या अंगात जे झालं, त्याला पुस्तकात चाळीस पानं हायत. पोटातलं रक्त काढून पायांत घातलं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या केल्या, श्वासाच्या नळ्या उघडल्या, काळीज पळवलं. तुमाला कुणी विचारलं का? न्हाई. मूत्रपिंडावर टोपीसारखी गाठ बसलीय, तिनं सोडलेल्या ॲड्रिनलिननं केलं हे. चला आत. आज हेच शिकायचं."

त्या दिवसापासून हॉस्टेलात त्यांचं नाव 'धडधड मास्तर' पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना ते आवडलं होतं, असा माझा आजही संशय आहे.

सरांचं गाव उंब्रजपासून आत चार-पाच किलोमीटरवर. वडील फौजेत हवालदार, चुलते ऊस करणारे. घरातून मेडिकलला गेलेले हे एकटेच. वर्गात पहिली दहा मिनिटं ते इंग्रजीत बोलायचे, कारण तसा नियम होता. मग चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. चष्मा खाली आला की गावाकडची भाषा वर यायची. शरीरातल्या पेशींवर ॲड्रिनलिनला ओळखणारी ठिकाणं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात आणि त्यांचे अल्फा-बीटा असे प्रकार असतात, हे सांगून झालं की ते फळ्यावर तीन वाक्यं लिहायचे: 'अल्फा आवळतंय. बीटा वन पळवतंय. बीटा टू सैल सोडतंय.' अल्फानं रक्तवाहिन्या आवळतात, बीटा वननं हृदय पळतं, बीटा टूनं श्वासाच्या नळ्या सैल होतात. "बाकीचा धडा म्हणजे ह्या तीन वाक्यांचं पाल्हाळ," ते म्हणायचे. "पण पाल्हाळ वाचल्याशिवाय पास करणार न्हाई."

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चपटा पत्र्याचा डबा असायचा. त्यात ॲड्रिनलिनच्या दोन कुप्या, सिरिंज, कापूस. सिनेमाला, लग्नाला, बाजाराला, कुठंही गेले तरी डबा बरोबर. लोक हसायचे. आम्हीही हसायचो. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या धाकट्या चुलत्याला उसात गांधीलमाश्या चावल्या. मी आठवीत होतो. अंगावर गांधी उठल्या, गळा सुजला आन् बैलगाडी पांदीतच होती तवा संपला. आमच्या तालुक्यात ही कुपी असंल त्या वक्ताला, पण आमच्या पांदीत नव्हती." एवढं बोलून ते पुढच्या विषयाकडं वळले. त्यानंतर त्या डब्याला कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

औषधशास्त्राच्या मास्तरांचं वॉर्डात खरं तर काही काम नसतं. सर मात्र दुपारचं जेवण झालं की वॉर्डात चक्कर मारायचे आणि प्रत्येक इमर्जन्सी ट्रेमधली ॲड्रिनलिनची कुपी उजेडात धरून बघायचे. पाण्यासारखी स्वच्छ असली की परत ठेवायचे. जुनं झालं, ऊन लागलं की ते औषध गुलाबी पडतं, मग तपकिरी. गुलाबी कुपी सापडली की सर ती इनचार्ज सिस्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आणि समोरच्या स्टुलावर गप्प बसून राहायचे. रागावायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. नवी कुपी येईपर्यंत उठायचे नाहीत, एवढंच. सिस्टर लोक त्या बसण्याला इतक्या भ्यायच्या की त्यांची चाहूल लागली की पळत जाऊन ट्रे तपासायच्या. औषधशास्त्रवाले औषधं उंदरांवर तपासतात, म्हणून मेडिसिनचे डॉक्टर त्यांना पाठीमागं 'उंदरांचे डॉक्टर' म्हणत. पण एखाद्या औषधाबद्दल अडलं की शिपायाकरवी त्यांनाच बोलावणं जायचं.

असंच एकदा बोलावणं आलं, तेव्हा आम्ही चौघं-पाच जण त्यांच्या मागोमाग गेलो. ऊसतोडीला आलेली एक चाळिशीची बाई होती, तिला लाल विंचू चावलेला. अंगातून घामाच्या धारा, ओठ पांढरे, नाडी धावतेय. सरांनी तिच्या डोक्याकडं बघितलंच नाही. सरळ पायाशी जाऊन वाकले आणि दोन्ही हातांनी तिची पावलं धरली.

बाईनं एवढ्या वेदनेतही पाय आखडून घेतले. "आवं डाक्टर, माज्या पाया काय पडताय! पाप लागंल मला!"

"लागू दे. पाय लय गार हायत तुजे. गरम होस्तोवर सोडत न्हाई."

मग आमच्याकडं वळून त्यांनी सांगितलं, की विंचवाच्या विषानं अंगातलं सगळं ॲड्रिनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनलिन बाहेर सांडलंय. अल्फानं हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरल्यात आणि त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय दमणार आहे. अल्फाला अडवणारी गोळी द्यायची, आडवं झोपवून ठेवायचं, आणि पावलांवर लक्ष ठेवायचं. पावलं गरम झाली की अल्फा ढिला पडला. गोळी दिली गेली. तीन तासांनी परत दिली. सर स्टुलावर बसून होते, एक हात त्या बाईच्या पावलावर. मध्येच तिच्याशी गावाच्या, टोळीच्या, बैलांच्या गप्पा मारत होते. संध्याकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि एकेकाचा हात तिच्या पायाला लावला. पाऊल कोमट होतं. मी तोवर अल्फा रिसेप्टर नुसता पाठ केला होता. त्या दिवशी तो माझ्या तळहाताला लागला. ती बाई वाचली. जाताना सरांना म्हणाली, "आता मी पडते तुमच्या पाया," तर सर चक्क पळून गेले.

आता माझं सांगते. मी मूळची विट्याची. आमच्याकडच्या पुष्कळ घरांसारखं आमचंही घर गलाईवर, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यावर चाललेलं. वडिलांचं दुकान दक्षिणेत, मदुरैत. दुकानाच्या वरच आम्ही राहायचो. भट्टीचा आणि ॲसिडचा धूर वर यायचा आणि मला लहानपणी दम्याचे झटके यायचे. आठवीत मला शिकायला इकडं आणून ठेवलं, धूर सुटला आणि दमाही सुटला. सहा-सात वर्षांत एकदाही शिट्टी वाजली नव्हती छातीत. दमा होता हे मी विसरलेही होते, आणि मैत्रिणींना तर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. मला बोलायची भयंकर भीती. लिहायला सांगा, वही भरून देईन. समोर चार माणसं बसली की माझे हात लटपटायचे, आवाज फाटायचा. माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "अगं, प्रोप्रॅनोलॉल घे एक. मी गेल्या वर्षापासून घेते. हात थरथरत नाहीत, छाती उडत नाही. सगळेच घेतात." ते खरंही होतं. गोळी बीटा रिसेप्टरवर बसते आणि ॲड्रिनलिनला तिथं येऊ देत नाही, हे मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. त्याच पानावर खाली एक ओळ होती: दमा असेल तर देऊ नये. तीही वाचली होती. पण ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असंच मला वाटलं असणार. नाश्त्याबरोबर मी गोळी घेतली.

तासा-दीड तासानं माझा नंबर आला. बाहेरगावाहून आलेले परीक्षक आणि शेजारी सर. हात खरंच थरथरत नव्हते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी नीट दिलं. दुसऱ्याला सर पुढं वाकले आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मग टेबलावरून हात पुढं केला.

"मनगट दे."

मी दिलं. त्यांचे ओठ हलले. परीक्षक त्रासून घड्याळाकडं बघत होते.

"घाबरलीयस?"

"हो सर."

"दिसतंयच. घाम हाय. बाहुल्या बशीएवढ्या झाल्यात. आन् नाडी साठ?" त्यांनी हात सोडला नाही. "कुठली गोळी खाल्लीस?"

मी खाली बघितलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी खोकला आला. मग आणखी एक. मग मला कळलं की श्वास आत जातोय, पण बाहेर पडत नाहीये.

"लहानपणी दमा होता?" सरांचा आवाज एकदम हळू झाला होता.

मी मान हलवली. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. सरांनी मला खांद्याला धरून उभं केलं, एका हातानं शिपायाला व्हीलचेअर आणायला पिटाळलं. बाहेर रांगेत उभ्या पोरांचे पांढरे चेहरे. कॅज्युअल्टीत नाकावर मास्क आला. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. तिथला तरुण डॉक्टर सालब्युटॅमॉलची वाफ देत होता, दम्याला देतात तीच, नळ्या सैल सोडणारी. एकदा दिली, दुसऱ्यांदा दिली. फरक पडेना. तो तिसऱ्यांदा भरायला लागला तेव्हा सर म्हणाले, "अरे बाबा, बीटा टूवर हिच्या गोळीनं आधीच बूड टेकलंय. तुझ्या औषधाला बसायला जागा न्हाई. दुसऱ्या वाटेनं ये. इप्राट्रोपियम दे, ते बीटाच्या दारात जातच न्हाई. आन् शिरेतनं स्टेरॉईड चालू कर."

मला त्या वेळी काय वाटत होतं? मरणार असं वाटत होतं. आणि त्या वाटण्यात एक विचित्र गोष्ट होती: छाती धडधडत नव्हती. इतकी भीती, आणि काळीज आपलं संथ चाललेलं, जणू त्याला कुणी कळवलंच नव्हतं. सर माझ्या डोळ्यांत बघत होते. "माझ्याबरोबर सोड श्वास. आत घ्यायची घाई नको, बाहेर सोड. ओठ आवळ, फुंकर मारल्यासारखं. सोड. झकास. परत." किती वेळ ते फुंकर मारत राहिले कुणास ठाऊक. माझ्या छातीतली शिट्टी सुटली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांनी डाव्या हातानं स्वतःचंच उजवं मनगट धरलेलं होतं. "एकशे अठ्ठावीस," ते स्वतःशीच म्हणाले. या खेपेला झकास म्हणाले नाहीत.

दुपारी त्यांच्या बायको, आमच्या काकू, डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "घरी आल्यापासनं येरझाऱ्या घालतायत. मी म्हटलं, आवं, बसा जरा. तर म्हणतात, पोरीला मी धडा शिकवला, खालची ओळ शिकवली न्हाई."

परीक्षकांनी मला दोन दिवसांनी शेवटच्या तुकडीत बसू दिलं. आत गेले तेव्हा हात लटलटत होते, आवाज फाटका होता. सरांनी एकच प्रश्न विचारला. "परवा तुझ्या छातीत काय झालं, ते रिसेप्टरसकट सांग."

मी सांगितलं. रडत रडत, अडखळत, पण सगळं सांगितलं. बाहेरचे परीक्षक चष्मा काढून ऐकत होते. शेवटी मी म्हणाले, "हे औषध फार वाईट आहे सर."

"औषधाला नाव ठेवू नको," सर म्हणाले. "त्यानं त्याचं काम चोख केलं. आपण देताना माणूस बघितलं न्हाई. जा."

त्या मैत्रिणीचं नाव त्यांनी मला कधी विचारलं नाही. पण पुढच्या सोमवारी पूर्ण तासभर त्यांनी फक्त 'खालची ओळ' शिकवली. आजही मी कुणाला बीटा अडवणारी गोळी लिहून देताना लहानपणीचं विचारते. पेशंट कंटाळतात. "आवं मॅडम, तवाचं काय आता?" म्हणतात. मी विचारतेच.

शिक्षण संपवून मी कोयनेच्या बाजूला सरकारी दवाखान्यात लागले. सर तोवर निवृत्त होऊन गावी आले होते. एका पावसाळ्यात काकू डेंग्यूनं गेल्या, अगदी पाच दिवसांत. त्यांची एकुलती मुलगी बाराव्या-तेराव्याला आली, म्हणाली, माझ्याबरोबर चला. ती कॅनडात होती. सर म्हणाले, "तिथं मी काय करू?" ती म्हणाली, "मग इथं तरी काय करणार?" दोघंही खरंच विचारत होते, पण दोघांनाही ते भांडण वाटलं. ती गेली. मग फोन रविवारचा, पाच मिनिटांचा. "जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "बरी हाय." सहा वर्षं असंच.

मी महिन्यातून एकदा उंब्रजला उतरून त्यांच्याकडं जायचे. शेती वाट्यानं लावलेली, सर ओसरीवर पुस्तकं घेऊन बसलेले. गावातलं कुणीही येऊन हात पुढं करायचं, ते नाडी बघायचे. आणि एक दिवस त्यांचं स्वतःचं हृदय दुखावलं. कराडला नेलं, निभावलं, आणि घरी आले ते मेटोप्रोलॉलची पट्टी घेऊन. बीटा वनला अडवणारी, हृदयाला पळू न देणारी गोळी. आयुष्यभर जिचे गुण गायले ती.

"गोळी चांगली हाय," ते मला म्हणाले. "पण गंमत बघ. परवा गल्लीत पाटलाचा बैल सुटला. आला की अंगावर. मी कट्ट्यावर चढलो म्हणून वाचलो. नाडी बघितली तर एकाहत्तर. मी घाबरलो होतो गं, पण घाबरल्यासारखं वाटलं न्हाई." जरा थांबून म्हणाले, "हिची, तुझ्या काकूची, आठवण येते तवाबी तसंच. डोळ्यांत पाणी येतं, छाती जागची हलत न्हाई. निम्मंच रडल्यासारखं होतं."

मी म्हणाले, "सर, डोस कमी करायचा का ते त्या डॉक्टरांना विचारू या."

"नको. डोस बरोबर हाय."

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, मुलीचा फोन आला: येतेय. तीन आठवड्यांसाठी. सरांनी मला ते फोनवर सांगितलं तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. घराला रंग लावून घेतला, कमोड बसवून घेतला, उंब्रजच्या बाजारातून तिला आवडतात म्हणून हरभऱ्याचे डहाळे सांगून ठेवले. ती शनिवारी सकाळी आली. दुपारी साडेतीनला माझा फोन वाजला. तीच होती. "ताई, बाबांच्या छातीत दुखतंय. शेजाऱ्यांच्या गाडीतून कराडला नेतेय."

मी घाट उतरून पोचेपर्यंत सर सावरले होते. झटका छोटा होता. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. सरांचा शर्ट खुर्चीवर होता. मी सवयीनं खिशातली गोळ्यांची पट्टी काढून बघितली. पट्टीवर त्यांच्याच अक्षरात वार लिहिलेले. मंगळवारपर्यंतच्या गोळ्या गेलेल्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार जागेवर.

मी पट्टी त्यांच्यासमोर धरली.

"विसरलात?"

त्यांनी मान नाही म्हणून हलवली.

"सर, ही गोळी एकदम बंद करायची नाही, हे मला कुणी शिकवलं? अडवून ठेवलेले रिसेप्टर वाढतात, गोळी काढली की हृदय उधळतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. म्हणून तर बुधवारपासनं बंद केली."

सर छताकडं बघत होते.

"सहा वर्षांनी पोरगी दारात येणार," ते म्हणाले, "आन् माझी छाती ढिम्म राहणार? एकदा उडू दे म्हटलं. गाडी वाजली, फाटक उघडलं, तिनं हिच्यासारखाच पदर... पदर कुठला, ओढणी खोचली होती गं. आन् असं उडालं काळीज, असं उडालं! मी खांब धरून उभा राहिलो. मोजले. एकशे बारा." त्यांच्या चेहऱ्यावर मैदानातला, त्या धक्क्याच्या दिवसाचा उजेड होता. मग तो मावळला. "चूक केली. कुठल्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर नापास केला असता. तू माझं एक काम कर. तिला सांगू नको. तिला वाटंल आपल्यामुळं झालं."

मी शब्द दिला. रागात होते तरी दिला.

त्या तीन आठवड्यांत मुलीनं त्यांच्या गोळ्या स्वतःच्या हातानं दिल्या. ती परत गेली, आणि त्यानंतर त्यांनी एकही चुकवली नाही. मी पट्ट्या बघायचे. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर, सकाळी ओसरीवर पेपर वाचता वाचता ते गेले. शेजारी म्हणाले, मान कलली तेव्हा डुलकी लागली असंच वाटलं. त्यांचं हृदय त्या डिसेंबरानंतर पूर्वीचं राहिलं नव्हतं, हे मला डॉक्टर म्हणून माहीत आहे. चार गोळ्यांनी किती आयुष्य गेलं याचा हिशेब मी पुष्कळदा करायला घेतला आणि प्रत्येक वेळी अर्ध्यात सोडला.

आता मी आठवड्याला त्या रस्त्यानं जाते, उंब्रजला गाडी थांबते, आणि मी उतरत नाही. कुणाची नाडी एकशे दहा लागली की सांगायला माणूस नाही. दवाखान्यात विंचवाचा पेशंट आला की पावलं धरून बसते, गरम झाली की वाटतं फोन करावा. नंबर अजून ठेवलाय.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. घर भाड्यानं द्यायचं का, पुस्तकांचं काय करायचं, असं बोलणं चाललं होतं. माझ्याकडं संध्याकाळ होती, तिच्याकडं सकाळ. बोलता बोलता ती थांबली.

"ताई, एक विचारू? तुम्ही त्यांच्या जास्त जवळ होतात. मी शेवटची आले होते ना, तेव्हा सहा वर्षांनी येत होते. पूर्ण विमानात मी विचार करत होते, बाबा काय म्हणतील. फाटक उघडलं तर खांबाला धरून उभे. म्हणाले, 'आलीस? हातपाय धू.' बस्स. मी आले काय, न आले काय, त्यांना काही वाटायचं का हो?"

मी शब्द दिला होता. तिला आयुष्यभर वाटत राहील की आपल्यामुळं झालं, हे सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण हेही आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की त्यांना काही वाटलंच नाही. दोन्हीपैकी एक मला तिच्या हातात द्यायचं होतं.

मी सांगितलं. बुधवारपासूनच्या चार गोळ्या, खांब, ओढणी, एकशे बारा. एकही शब्द मऊ केला नाही. खालची ओळसुद्धा सांगितली, की ते त्यांनी जाणूनबुजून केलं, ती चूक त्यांची होती, आणि ती त्यांनी कबूल केली होती.

ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, मोठ्यानं. मी थांबवलं नाही. मला फुंकर मारायला शिकवलेलं आठवत होतं, पण ते तिच्या कामाचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वेडा माणूस." आणि मग, "एवढं? माझ्यासाठी?"

"हो."

माझ्या खिडकीबाहेर एस.टी. घाट चढत होती. मी विचारलं, "ठेवू का गं?"

"नको," ती म्हणाली. "बोलू नका काही. पण ठेवू नका."

मी फोन कानाला तसाच धरून बसले.